घास उतरत नाही आणि वजन ११२ किलो: आधी काय करायचं?

गडहिंग्लजकडच्या एका भावाने बहिणीसाठी विचारलं आहे. ताईंचं वय ४१, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. मधुमेह आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४. झोपेत जोरात घोरतात. तीन वर्षं घास छातीच्या मध्यावर अडकतो, पाणीसुद्धा कधी कधी उतरत नाही. रात्री आडवं झालं की जेवलेलं तसंच तोंडात येतं. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया होऊन दवाखान्यात राहावं लागलं. मॅनोमेट्रीच्या, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायच्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘अकॅलेशिया, टाइप २’ (अन्ननलिकेची खालची झडप नीट न उघडण्याचा आजार) असं लिहिलंय. एका डॉक्टरांनी वजनासाठी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढायची शस्त्रक्रिया) सुचवली, दुसरे म्हणाले आधी पोएम (तोंडातून दुर्बीण घालून ती झडप मोकळी करणं) करा, तिसरे म्हणाले दोन्ही एकाच वेळी उरकू. शेजारच्या बाई म्हणतात, आता वजनाचं इंजेक्शन निघालंय, चिरफाड कशाला? आणि भावाचा प्रश्न: कुणाचं ऐकायचं?

मी कोल्हापुरात पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करतो, लठ्ठपणाच्याही आणि अन्ननलिकेच्याही. आधी थेट उत्तर देतो. स्लीव्ह नको. दुसरे आणि तिसरे डॉक्टर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ताईंची एकूण परिस्थिती बघता मी दोन टप्प्यांच्या बाजूने आहे: आधी अन्ननलिकेचं तोंड मोकळं करायचं, साखर आणि फुप्फुसं सावरायची, आणि मग गॅस्ट्रिक बायपास (जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून त्याला आतडं जोडायची शस्त्रक्रिया). मात्र दोन्ही टप्प्यांचा आराखडा पहिल्या दिवशीच ठरलेला हवा. इंजेक्शनबद्दल पुढे लिहितो.

आता कारणं.

पहिली अडचण अशी की घरच्यांचाच विश्वास बसत नाही. ‘घास उतरत नाही म्हणता, मग वजन ११२ किलो कसं?’ हे मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकतो, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांच्याही. पुस्तकातला अकॅलेशियाचा रुग्ण वाळलेला असतो. प्रत्यक्षात सगळे तसे नसतात. भाकरी, भात, मटणाचा तुकडा अडकायला लागला की माणूस आपोआप उतरणाऱ्या गोष्टींकडे वळतो: चहात बुडवलेली खारी, लस्सी, आइस्क्रीम, उसाचा रस, दूध. आपल्या कोल्हापुरात तर दुधाला आहार न मानता पाण्याच्या हिशेबात धरायची पद्धत. गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभं राहून म्हशीचं अर्धा लिटर धारोष्ण दूध पिणारा माणूस घरी जाऊन ‘आज काही खाल्लंच नाही’ असं मनापासून म्हणतो. त्या अर्ध्या लिटरमध्ये पाचशेच्या आसपास कॅलरी असतात. आखाडा सुटला तरी खुराक न सुटलेल्या जुन्या पैलवानांचं वजन असंच वाढतं. ताईंना विचारा, दिवसभरात पातळ काय काय जातं. वजनाचं कोडं बहुतेक तिथेच सुटेल.

शिवाय या रुग्णांना वर्षानुवर्षं ‘पित्त’ म्हणून गोळ्या दिल्या जातात, कारण जाड माणसाच्या छातीत जळजळलं की पहिला संशय आम्लाचा येतो. तो बऱ्याचदा खराही असतो. पण अकॅलेशियात तोंडात येतं ते जठरातलं आंबट पाणी नसून जठरापर्यंत न पोचलेलं, बेचव, जेवलं तसंच अन्न असतं. सकाळी उशीवर कालच्या भाताची शितं सापडतात असं कुणी सांगितलं, तर मी तपासणीची दिशाच बदलतो.

निदान पक्कं आहे का, हे पुन्हा बघा. रिपोर्टवर नाव आलं म्हणजे झालं, असं होत नाही. अकॅलेशिया हा दुर्मीळ आजार, वर्षाला लाखात एखाद-दुसरा नवा रुग्ण. अन्ननलिकेच्या भिंतीतल्या ज्या चेतापेशी खालच्या झडपेला ‘सैल हो’ असा निरोप देतात त्या मरतात. झडप आवळलेली राहते आणि वरच्या नळीची अन्न पुढे ढकलणारी लाट बंद पडते. मॅनोमेट्रीत नाकातून एक बारीक नळी जठरापर्यंत घालतात आणि आडवं झोपवून पाच-पाच मिलिलिटर पाण्याचे दहा घोट गिळायला लावतात. गिळताना झडप किती सैल होते त्याचा आकडा मिळतो. वापरलेल्या यंत्रानुसार थोडा फरक पडतो, पण साधारण १५ मिलिमीटर पाऱ्याच्या वर असेल तर झडप नीट उघडत नाही असं धरतात. टाइप २ म्हणजे लाट नाही, पण घोट गिळला की सगळ्या नळीत एकदम दाब चढतो. तीन प्रकारांत उपचाराला सगळ्यात चांगला प्रतिसाद याच प्रकाराचा, ही ताईंच्या बाजूची गोष्ट.

पण लठ्ठ माणसात हा आकडा एकट्याने वाचू नये. पोटातली चरबी खालून दाब देते, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) असला तर झडप आपली जागा सोडून वर सरकलेली असते, आणि या दोन्हींमुळे आलेख फसवा दिसू शकतो. दुसरी गोष्ट फार कमी जण विचारतात: गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी ट्रॅमॅडॉलची गोळी चालू आहे का? ११२ किलो वजनाच्या बाईचे गुडघे दुखणारच, आणि ही गोळी महिनोन्महिने घेतली जाते. ट्रॅमॅडॉल, टॅपेंटाडॉल या जातीची औषधं अन्ननलिकेची लाट आणि झडप दोन्ही बिघडवतात आणि मॅनोमेट्रीत हुबेहूब अकॅलेशियासारखं चित्र उभं करू शकतात, विशेषतः टाइप ३ चं. गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करून तपासणी पुन्हा करायची. नुसत्या गोळीपायी कुणाची झडप कापली जाऊ नये.

म्हणून जोडीला वेळ मोजून केलेला बेरियमचा एक्स-रे लागतो. ताईंना उभं करून पातळ बेरियम (एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध) प्यायला देतात आणि एक, दोन आणि पाच मिनिटांनी फोटो काढतात. निरोगी माणसात पहिल्या मिनिटाच्या फोटोतच नळी जवळपास रिकामी दिसते. अकॅलेशियात पाचव्या मिनिटालाही पांढरा खांब उभाच असतो, त्याचा वरचा काठ आडवा सपाट आणि खालचं टोक चोचीसारखं निमुळतं. त्या खांबाची उंची आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या, नुसतं ‘सजेस्टिव्ह ऑफ अकॅलेशिया’ असा शेरा नको. उपचारानंतर हाच फोटो पुन्हा काढून त्याच आकड्याशी ताडायचा असतो. रुग्ण म्हणतो ‘आता बरं वाटतंय’, आणि खांब होता तेवढाच असतो, असंही होतं.

एंडोस्कोपी झाली असेलच. ती नीट रिकाम्या नळीत झाली का, आणि झडपेची जागा खालून, म्हणजे जठरात शिरून दुर्बीण उलटी वळवून पाहिली का, हे विचारा. जठराच्या तोंडाशी असलेली गाठ अकॅलेशियाचं सोंग घेते. पन्नाशी ओलांडलेला माणूस, त्रास सहा महिन्यांच्या आतला आणि वजन झपाट्याने उतरलेलं, तर मी सीटी स्कॅनशिवाय पुढे जात नाही. ताईंचा त्रास तीन वर्षांचा आणि वजन वाढतं, त्यामुळे तो संशय कमी. पण त्यांच्याकडे मिश्री लावायची सवय आहे का? गावाकडे बायका हे आपणहून सांगत नाहीत आणि डॉक्टर पुरुष असला तर विचारत नाहीत. तंबाखूचा संबंध अन्ननलिकेच्या कॅन्सरशीही आहे आणि बायपासच्या सांध्यावर होणाऱ्या अल्सरशीही. मिश्री सुटल्याशिवाय मी बायपासची तारीख देत नाही.

आता स्लीव्ह का नको, ते सविस्तर सांगतो, कारण आज सगळ्यात जास्त होणारी वजनाची शस्त्रक्रिया तीच आहे आणि ‘सोपी, लवकर होते’ म्हणून तीच आधी सुचवली जाते. इतर रुग्णांत ती चांगली आहे, मीही करतो. तिच्यात जठराचा डावीकडचा फुगीर भाग, एकूण जठराच्या तीन चतुर्थांशाहून जास्त, स्टेपलरने कापून कायमचा बाहेर काढतात. उरते एक लांबट अरुंद नळी. खाली जठराचा दरवाजा, म्हणजे पायलोरस, तसाच असतो. त्यामुळे या नळीतला दाब मूळ जठरापेक्षा जास्त राहतो. ज्याची अन्ननलिका जोर लावून ढकलू शकते त्याला हा दाब चालतो. ताईंच्या अन्ननलिकेत ढकलणारी लाटच उरलेली नाही. त्यांचं अन्न उतरतं ते फक्त वजनाने आणि वरून प्यायलेल्या पाण्याच्या रेट्याने. अशा नळीखाली जास्त दाबाची दुसरी नळी बसवणं म्हणजे तुंबलेल्या मोरीचा खालचा पाइप आणखी बारीक करणं.

झडप आधी मोकळी केली आणि मग स्लीव्ह केली तर? तर उलटं संकट. दाबाखालची स्लीव्ह, वर अडवणारी झडप नाही, आणि वर आलेलं आम्ल परत खाली ढकलणारी लाट नाही. आम्ल अन्ननलिकेत तासन्‌तास पडून राहणार. नुसत्या स्लीव्हनंतरसुद्धा काही जणांना नव्याने आम्लपित्त सुरू होतं आणि त्यातल्या काहींच्या अन्ननलिकेचं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट म्हणतात. झडप कापलेल्या माणसात तो धोका जाणूनबुजून कशाला घ्यायचा? आणखी एक नुकसान, जे परत भरून येत नाही: झडप कापल्यावर आम्ल अडवण्यासाठी जठराचा वरचा फुगीर भाग अन्ननलिकेवर गुंडाळतात. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग बादलीत जातो.

बँडचं नावही नको. पूर्वी जठराच्या तोंडाशी सिलिकॉनचा पट्टा बसवायचे. त्याने चांगल्या अन्ननलिका फुगून निकामी झाल्या आणि अकॅलेशियासारखं चित्र तयार झालं. आता ती शस्त्रक्रिया जवळपास मागे पडली आहे. एका सांध्याचा मिनी बायपास वजनाला उत्तम आहे, पण त्यात पित्तरस पाऊचमध्ये, म्हणजे जठराच्या वेगळ्या केलेल्या छोट्या पिशवीत, येऊ शकतो. लाट नसलेल्या अन्ननलिकेखाली मला तो नको वाटतो. या बाबतीत काही सहकारी माझ्याशी असहमत आहेत.

उरतो तो दोन सांध्यांचा, रू-एन-वाय पद्धतीचा बायपास. जठराचा सगळ्यात वरचा, तीसेक मिलिलिटरचा भाग वेगळा करून त्याला लहान आतडं जोडतात, आणि पित्तरस येणारी फांदी खाली साधारण एक मीटरवर जोडतात. पाऊचमध्ये आम्ल फार थोडं तयार होतं, पित्त तिथवर पोचत नाही, आणि पुढे पायलोरस नसल्यामुळे दाबही कमी. म्हणजे झडप कापल्यावर जे आम्ल वर येण्याची भीती असते, त्यावरचा उपाय याच शस्त्रक्रियेत होतो. वेगळं गुंडाळणं बहुधा लागत नाही. मधुमेहाला फायदा होतो तो वेगळाच. ८.४ एचबीए१सी असलेल्या ताईंना त्याची गरज आहेच. बाकीच्या उरलेल्या जठरात पुढे साधी दुर्बीण जात नाही, हा या शस्त्रक्रियेचा तोटा. म्हणून आधीची एंडोस्कोपी पूर्ण आणि नीट झालेली हवी.

आता एकदम की दोनदा?

एकदम करायचं तर दुर्बिणीने हेलर मायोटॉमी आणि त्याच भुलेत बायपास. हेलर या जर्मन सर्जनने १९१३ मध्ये पहिल्यांदा ही झडप कापली. आज अन्ननलिकेवर साधारण सहा सेंटिमीटर आणि जठरावर दोन-तीन सेंटिमीटर एवढा स्नायू उभा चिरतात, आतलं अस्तर शाबूत ठेवून. अस्तर फुग्यासारखं बाहेर येतं. तिथेच एंडोस्कोप घालून, निळं पाणी सोडून गळती नाही ना हे टेबलावरच बघतात. एक भूल, एक ऍडमिशन, एक खर्च. पण जठरावरची ती चीर आणि पाऊच कापणारी स्टेपलरची रांग एकमेकींच्या अगदी जवळ येतात. पाऊच नेहमीपेक्षा जरा लांब ठेवावा लागतो, आणि सर्जनचा हात दोन्ही शस्त्रक्रियांत बसलेला असावा लागतो. एकात पारंगत आणि दुसरी अधूनमधून, असं चालत नाही.

दोन टप्प्यांत करायचं तर आधी पोएम. जपानच्या हारुहिरो इनोए यांनी २००८ मध्ये माणसात ती पहिल्यांदा केली. तोंडातून एंडोस्कोप, अन्ननलिकेच्या अस्तराखाली बोगदा, आणि त्या बोगद्यातून स्नायू कापायचा; पोटावर एकही छेद नाही. जाड पोटाचा अडथळाच येत नाही, हा लठ्ठ रुग्णातला मोठा फायदा. युरोपातल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले: दोन वर्षांनी पोएमवाले शंभरात ८३ आणि हेलरवाले शंभरात ८२ जण ठीक, म्हणजे बरोबरीच. पण आम्लाने अन्ननलिकेला सूज आलेले पोएममध्ये ४४ टक्के आणि हेलरमध्ये २९ टक्के. नुसती पोएम करून थांबलं तर हे आम्ल डोकेदुखी ठरतं. ताईंच्या बाबतीत दुसऱ्या टप्प्यात बायपास येणार आहे, त्यामुळे हा दोष बराचसा झाकला जातो.

ताईंना न्यूमोनिया होऊन गेलाय, साखर वर आहे, घोरणं आहे. लांबलचक एकत्रित शस्त्रक्रियेसाठी ही तब्येत मला तयार वाटत नाही. पोएमने रात्रीचं अन्न वर येणं थांबेल, फुप्फुसं सावरतील, गोळ्या पोटात पोचायला लागतील. पोचत नसलेल्या गोळ्यांनी साखर कशी आटोक्यात येणार? मग तीन ते सहा महिन्यांत बेरियमचा फोटो पुन्हा काढायचा, झोपेची तपासणी करून लागेल तर सीपॅप मशीनची (झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) सवय लावायची आणि बायपास करायचा. दोन्ही आजार एकत्र असलेल्यांवर मोठी तुलनात्मक चाचणी झालेली नाही. जगभरातल्या छोट्या-छोट्या मालिकांवरून आणि शरीररचनेच्या तर्कावरून आम्ही ठरवतो. त्यामुळे तिसऱ्या डॉक्टरांनी त्याच तर्काने ‘एकदम’ म्हटलं असेल तर ते चूक नाहीत. ताईंची एचबीए१सी ६.८ असती आणि न्यूमोनिया झाला नसता, तर मीही कदाचित तेच म्हटलं असतं.

दोन टप्प्यांचा खरा धोका वेगळाच आहे: दुसरा टप्पा राहून जातो. पोएमनंतर तीन वर्षांनी पहिल्यांदा भाकरी सरळ उतरते. घरात आनंदीआनंद. मग बिर्याणी, मग लग्नसराई, मग ऊस तोडणीचा हंगाम, ‘दिवाळी होऊ दे मग बघू’. सहा महिन्यांत वजन ११२ चं १२० होतं आणि वर आम्लपित्त. म्हणून म्हटलं, तारीख नसली तरी महिना आजच ठरवा. आणि पोएमचा कागद जपून ठेवा. त्यात चीर पुढच्या भिंतीवर घेतली की मागच्या, आणि जठरावर किती सेंटिमीटर उतरवली, हे लिहिलेलं असलं पाहिजे. पाऊच सोडवताना त्या जागी सगळं चिकटलेलं असतं. चीर कुठे आहे हे माहीत असलं की स्टेपलर कुठून लावायचा नाही हे कळतं.

भुलेबद्दल एक परिच्छेद, कारण माझ्या मते यात सगळ्यात जास्त जीव भूल देतानाच्या पाच मिनिटांत धोक्यात असतो. रात्रभर उपाशी म्हणजे पोट रिकामं, हा नियम अकॅलेशियात लागू पडत नाही. ताईंच्या अन्ननलिकेत परवाचंही काही असू शकतं. म्हणून दोन-तीन दिवस आधीपासून फक्त पातळ, गाळलेलं. बायपासच्या आधी दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार असतोच, त्याने यकृतही आक्रसतं. भूल द्यायच्या आधी जागेपणी जाड नळी घालून अन्ननलिका खेचून रिकामी करतात. मग टेबलाची डोक्याकडची बाजू उंच, ऑक्सिजन भरून घेणं, आणि झटपट भूल देऊन लगेच श्वासनळीत नळी. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी प्रत्यक्ष भेटा आणि ‘उशीवर अन्न येतं’ हे त्याच शब्दांत सांगा. फाइलमध्ये कुठेतरी लिहिलंय यावर विसंबू नका.

आता ते इंजेक्शन. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही वजनाची इंजेक्शनं २०२५ मध्ये आपल्याकडे आली आणि कोल्हापुरातही त्यांची चौकशी रोज होते. औषधं चांगली आहेत. पण ती जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतात, मळमळ-उलटी करतात. ज्या बाईला आधीच झोपेत अन्न वर येऊन न्यूमोनिया झाला तिला झडप मोकळी व्हायच्या आधी हे सुरू करणं मला मान्य नाही. पोएमनंतर, बायपासपर्यंतच्या मधल्या काळात, मधुमेहाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली विचार होऊ शकतो. घेतलंच तर भूलतज्ज्ञांना सांगा. किती आधी थांबवायचं ते ते ठरवतील. सेमाग्लुटाइडची तोंडाने घ्यायची गोळी उपाशीपोटी अगदी थोड्या पाण्याबरोबर घ्यायची असते. ताईंसाठी ती तर नकोच, मध्येच अडकून बसेल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. गिळायचा प्रत्येक त्रास अकॅलेशिया नसतो. फक्त कोरडं-घट्ट अडकतं, पाणी सरळ जातं, तर नळी कुठेतरी अरुंद झालेली असते: आम्लाने आलेला व्रण, पातळ पडदा, ऍलर्जीची सूज किंवा गाठ. रक्त फार कमी असलेल्या बायकांत घशाच्या खाली पडदा तयार होऊ शकतो. तो फुग्याने मोकळा करून आणि लोह देऊन प्रश्न सुटतो. हायटस हर्निया आणि आम्लपित्त असलेल्या लठ्ठ रुग्णाला नुसतं गुंडाळून देण्यापेक्षा हर्निया दुरुस्त करून बायपास केलेला जास्त टिकतो. घशातच अडकणं, ठसका, नाकातून पाणी येणं हे बहुधा मेंदूचं किंवा स्नायूंचं दुखणं असतं: लकवा, पार्किन्सन, मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार). तिथे आधी न्यूरॉलॉजिस्ट. वजनाच्या शस्त्रक्रियेची घाई करू नये. आणि स्लीव्ह किंवा बायपास होऊन गेल्यावर नव्याने घास अडकायला लागला, तर ‘हावरटपणे खाता’ असं म्हणून परत पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊ नका. बायपासनंतर महिना-दोन महिन्यांत सांधा आवळू शकतो, तो एंडोस्कोपीतून फुगवता येतो. स्लीव्ह मध्यावर पिळली जाऊ शकते.

बायपासनंतर ताईंना काय खाता येईल, हा प्रश्न भावाने विचारला नाही, पण ताई विचारतीलच. पहिले दोन आठवडे पातळ: ताक, मुगाचं कढण, मटणाचं अळणी पाणी गाळून आणि वरचा तवंग काढून. तांबडा-पांढरा रस्सा तेव्हा नाही. पांढऱ्यात नारळाचं दूध, तांबड्यात तेल आणि तिखट. मग पातळसर मऊ, मग महिन्याभराने नेहमीचं, पण वाटीत. लाट परत येत नसते, हे लक्षात असू द्या. झडप मोकळी झाली तरी अन्न खाली जाणार ते वजनानेच. त्यामुळे बसून, सावकाश, बारीक चावून. मऊ पाव आणि चिकट भात सगळ्यात जास्त अडकतात. भाकरी कुस्करलेली बरी. गूळ, काकवी, उसाचा रस यांनी डम्पिंग होतं: दरदरून घाम, छातीत धडधड, जुलाब. गुऱ्हाळाच्या मुलखात हे सांगणं जड जातं, पण एकदा अनुभव आला की माणूस आपणच बंद करतो. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं, आणि बी-१२, लोह, कॅल्शियम सायट्रेट, ड जीवनसत्त्व आयुष्यभर. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर. गोळ्या चघळायच्या किंवा पातळ स्वरूपातल्या घ्या. दर वर्षी रक्त तपासा. दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेणं बंद, त्यांनी सांध्यावर अल्सर होतो.

एक गोष्ट गावच्या डॉक्टरांनाही दाखवा. बायपासनंतर दोन-चार दिवस सतत उलट्या झाल्या तर थायमिन, म्हणजे बी-१, कमी पडू शकतं. अशा वेळी नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो: डोळे भिरभिरणं, तोल जाणं, बरळणं. थायमिनचं इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात नाडी १२० च्या वर, ताप, धाप किंवा खांदा दुखणं यांतलं काही दिसलं, तर ‘गॅस झालाय’ म्हणून घरी थांबू नका. जठराचा सांधा गळतोय का हे त्याच रात्री बघावं लागतं.

पैशांचं थोडक्यात. ताईंचा बीएमआय ४६ आहे. आरोग्य विम्याच्या नियमांत लठ्ठपणाची शस्त्रक्रिया बसते ती बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल तर, किंवा ३५ वा त्याहून जास्त आणि सोबत ठरावीक गंभीर आजार असतील तर. वय १८ पूर्ण आणि डॉक्टरांचा लेखी सल्ला हवा. पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ वेगळा तपासा. अकॅलेशियाचा उपचार हा वजनाचा उपचार नाही, त्यामुळे पूर्वपरवानगीच्या अर्जात दोन्ही निदानं स्वतंत्र लिहून घ्या, नाहीतर पोएमसुद्धा ‘लठ्ठपणा’ म्हणून नाकारली जाते. मॅनोमेट्री सगळीकडे होत नाही. पुन्हा करायची वेळ आली तर पुण्यापर्यंत जायची तयारी ठेवा. ती एक फेरी चुकीच्या शस्त्रक्रियेपेक्षा स्वस्त पडते.

तारीख मिळेपर्यंत ताईंना सांगा: रात्रीचं जेवण संध्याकाळी सातच्या आत आणि पातळ, नंतर तीन-चार तास आडवं व्हायचं नाही. नुसती उशी वाढवून मान मोडते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा. गोळी उभं राहून, ग्लासभर पाण्याबरोबर. दूध दिवसाला एक कप, साखरेशिवाय. आणि एखाद्या दिवशी घास अडकून स्वतःची थुंकीसुद्धा उतरेना, तर केळं-भाताचे गोळे गिळून ढकलायचा प्रयत्न न करता तसंच उठून जिथे एंडोस्कोपी होते अशा दवाखान्यात या, रात्र असली तरी.